दुसऱ्या रांगेतून आलेलं वाक्य

जयवंत, काल तुझं तेरावं झालं. तुझ्या शालनने काळ्या वाटाण्याचं सांबार आणि वडे केले होते. तू असतास तर पानावर बसता बसता म्हणाला असतास, "कुणीतरी गेल्याशिवाय आमच्याकडे हे सांबार जमत नाय." मला ते वाक्य तुझ्या आवाजात ऐकू आलं आणि ठसका लागला. तुझ्या चाळीतल्या बायकांना वाटलं, मला तिखट लागलं. एकीने पाण्याचा तांब्या पुढे केला.

आपल्या वाचनालयाने फळ्यावर तुझ्याबद्दल चार ओळी लिहिल्या आहेत. अठ्ठावीस वर्षं सेवा, मनमिळाऊ स्वभाव, कामगार रंगभूमीवरचे जुने प्रॉम्प्टर. खरं आहे सगळं. फक्त 'मनमिळाऊ' शब्द वाचून तू हसला असतास, कारण वर्गणीदारांशी तू किती भांडायचास ते मला माहीत आहे. पण मला ते काही लिहायचं नाही. मला त्या रविवारबद्दल लिहायचंय. त्यानंतर तू पाच आठवडे होतास, आणि त्या पाच आठवड्यांत आपण त्याबद्दल बोललो नाही. तू एकच वाक्य बोललास, तेही खोटं होतं हे मला काल कळलं.

पास मी आणले होते. लेखकाने मला दोन पाठवले होते, पुस्तकाच्या प्रतीसोबत. कादंबरी गिरणगावावरची, आणि तो ती घेऊन गावोगावी फिरत होता. नुसतं प्रकाशन नाही, नुसतं अभिवाचनही नाही, तर दिवे, संगीत, दोन नट आणि मधोमध स्वतः लेखक. नाशिक झालं, पुणे झालं, कोल्हापूर झालं, शेवटचा प्रयोग दादरला. पासावर 'एक अनुभव' असं छापलेलं होतं. तू पास उलटासुलटा करून बघितलास आणि म्हणालास, "अनुभवाला पास लागतो होय? आम्ही फुकटात घेतला."

तरी तू येणार हे ठरलेलंच होतं. नाटकाच्या पडद्याचा वास आला की तुला राहवायचं नाही. लालबागच्या मंडळाची नाटकं तू वीसेक वर्षं विंगेत उभं राहून पार पाडलीस, एकदाही उजेडात न येता. तुझी ती कुजबूज मी एकदाच स्पर्धेला पाहिली, म्हणजे ऐकली नाहीच. मी पहिल्या रांगेत बसले होते आणि मला काही ऐकू आलं नाही, पण रंगमंचाच्या पार पलीकडच्या टोकाला अडखळलेल्या बाईंना वाक्य पोचलं. मी विचारलं, हे कसं करतोस? तू म्हणालास, "तोंड त्याच्याकडे आणि मन त्याच्याकडे. मग दुसऱ्याला जात नाय."

मंडळाच्या संहिता तू वाचनालयातच शिवायचास, जेवणाच्या सुटीत. तेव्हा तुझ्या खुणा तू मला शिकवल्या होत्यास. खिशातलं ते पेन्सिलीचं थोटूक काढून दाखवायचास. तिरकी रेघ म्हणजे श्वास. फुली म्हणजे हा इथे हमखास विसरतो, तयार राहा. आणि शब्दाभोवती गोल म्हणजे थांब, हा विसरलेला नाही, याला वेळ लागतोय, याचं याला बोलू दे. नवखा प्रॉम्प्टर गोलावरच मार खातो, असं तू म्हणायचास. शांतता झाली की त्याला धीर धरवत नाही, तो वाक्य देऊन टाकतो आणि नटाचा पॉज मारतो. तू वीस वर्षांत एकही पॉज मारला नाहीस याचा तुला भारी अभिमान होता.

आपलं कायमचं भांडण यावरूनच होतं. मी म्हणायचे, गोष्टी लिहून ठेवल्या पाहिजेत, नाहीतर माणसांबरोबर जातात. तू म्हणायचास, वाक्य ज्याचं त्याने म्हणायचं, आपण फार तर ते त्याच्यापर्यंत पोचवायचं. मी तुला अडाणी म्हणायचे आणि तू मला "गिरगावकरीण" म्हणायचास, म्हणजे शिवीच ती. मग खोताच्या वाडीतून फिरून परत येईपर्यंत दोघंही गप्प, आणि काउंटरवर बसलो की तू डब्यातली अर्धी पोळी माझ्या डब्यात टाकायचास.

तुझ्या वडिलांची गोष्ट तू मला एकदाच सांगितलीस. जुन्या वर्तमानपत्रांचे गठ्ठे बांधणीला काढले होते आणि त्यात संपाच्या वर्षाचा गठ्ठा आला. तू एक पान बराच वेळ धरून उभा राहिलास. मग मान वर न करता सांगितलंस. तुझे वडील, आत्मारामकाका, साचेखात्यात होते, कापड विणायच्या साच्यांवर. संप लांबला, अख्खी चाळ घरी बसली, आणि एका सकाळी काका मागच्या दरवाजाने गिरणीत गेले. कामावर. चाळीला कळायला दोन दिवस लागले. तिसऱ्या दिवशी तुमच्या उंबऱ्यावर हिरव्या बांगड्या आणून टाकल्या होत्या, पुरुषाला घालायला. कुणी टाकल्या ते तुला दिसलं होतं, तुझ्याबरोबर गोट्या खेळणाऱ्या पोराची आई. तुझी आई बाहेर आली, खाली बसली, एकेक बांगडी वेचली, पदराने पुसली आणि सगळ्यांच्या देखत स्वतःच्या हातात घातली. मग उठून चहा ठेवला.

"काका का गेले?" मी विचारलं.

"ते नाय सांगत," तू म्हणालास. आणि गठ्ठ्याची सुतळी आवळता आवळता पुढे म्हणालास, "कुणाला बोलू नको असं मी सांगत नाय गो. तुला कळतं."

मला कळत होतं, जयवंत. बारा वर्षं मला कळत होतं.

मग तू निवृत्त झालास आणि त्याच पावसाळ्यानंतर तो लेखक वाचनालयात यायला लागला. संदर्भासाठी यायचा. मऊ बोलायचा, मला मॅडम म्हणायचा, आणि ऐकायचा. माझ्या घरी मी बोलायला लागले की टीव्हीचा आवाज वाढतो, तुला माहीत आहे. हा माणूस वही मिटून ऐकायचा. तीन महिने मी त्याला जुनी कात्रणं काढून दिली आणि एका दुपारी चहा पिता पिता म्हणाले, "एका मित्राच्या वडिलांची गोष्ट आहे." नाव सांगितलं नाही. त्यामुळे काही बिघडत नाही असं तेव्हा वाटलं. तो म्हणाला, "बांगड्यांचं पुढे काय झालं?" मी सांगितलं. तो नुसता "वा" म्हणाला.

पुस्तक आलं तेव्हा मी काय केलं असेल? आयुष्यभर लोकांना पुस्तकं वाचा म्हणून सांगणारी बाई मी. मी शेवटचं पान उघडलं. आभारात माझं नाव होतं, पूर्ण नाव, 'ग्रंथपाल' या शब्दासकट. ते मी दोनदा वाचलं, नवऱ्याला दाखवलं, आणि सवडीने वाचू म्हणून पुस्तक उशाशी ठेवलं. आठवडाभर ते तिथेच होतं. आतलं एक पान न वाचता मी तुला घेऊन दादरला आले.

दुपारचा चारचा प्रयोग होता. आपल्याला दुसरी रांग मिळाली, अगदी मधली. दारात गिरणीच्या फाटकाची प्रतिकृती होती आणि लोक तिच्यापुढे उभं राहून फोटो काढून घेत होते. तू ती नीट बघितलीस आणि म्हणालास, "कडी उलट्या बाजूला लावलीय." आत गेल्यावर पडदा नव्हताच. लाकडी साचा उभा केलेला, वर निळा उजेड, आणि भोंगा. तो भोंगा वाजला तेव्हा तुझा हात खुर्चीच्या दांड्यावर आवळला. मी पाहिलं, आणि मला वाटलं, रंगलाय गडी.

लेखक मागून, प्रेक्षकांतून आला. धोतर, सदरा, हातात डबा. लोकांनी टाळ्या वाजवल्या. तो छान वाचत होता, तुझ्यासमोर मी हे तेव्हा कबूल केलं नाही. पहिलं अर्धं गमतीत गेलं. मग साचेखात्यातला एक माणूस आला, संप आला, मागचा दरवाजा आला, आणि ही गोष्ट कुणाची ते मला कळलं. मी तुझ्याकडे बघितलं नाही. बघण्याची हिंमत नव्हती. एक नटी सुपातून हिरव्या बांगड्या घेऊन आली आणि तिने त्या रंगमंचावर ओतल्या. मग कादंबरीतली आई बाहेर आली आणि तिने त्या एकेक करून पायरीवर फोडल्या. काचेचा आवाज ध्वनिक्षेपकातून इतका मोठा आला की मागची एक बाई "अगं आई गं" म्हणाली. कुणीतरी हुंदका दिला.

मग सगळे दिवे गेले आणि एक झोत लेखकावर राहिला. आता तो बाप झाला होता. चाळीसमोर उभा. तो म्हणाला, "मी गेलो. हो, मी गेलो. कारण..."

आणि थांबला.

तेव्हा माझ्या डाव्या कानाशी तुझी कुजबूज निघाली. तोंड त्याच्याकडे आणि मन त्याच्याकडे. पण मी खेटूनच बसले होते, म्हणून मला ऐकू आली.

"माका साच्यांचो आवाज व्हयो होतो."

लेखकाचा चेहरा मी बघितला. त्याला पोचलं होतं. त्याने दचकून आपल्या रांगेकडे पाहिलं, ओठ हलले, आणि एक क्षण मला वाटलं की तो तेच म्हणेल. पण तो सावरला आणि त्याने पुस्तकातलं वाक्य म्हटलं. पोरांच्या पोटात दोन दिवस अन्नाचा कण नव्हता म्हणून. टाळ्यांचा कडकडाट झाला. लोक उभे राहिले.

साच्यांचा आवाज हवा होता, हे कारण तू मला कधी सांगितलं नव्हतंस. मी तिथे बसल्या बसल्या काकांना पाहिलं, दहा बाय बाराच्या खोलीत महिनोन्महिने शांततेत बसलेले. पोरांसाठी गेले असते तर चाळीनेही कदाचित माफ केलं असतं. आवाजासाठी गेलेल्या माणसाचं चाळीला काय सांगणार? म्हणून तू ते कुणालाच सांगितलं नसशील. आणि सांगितलंस ते एका अनोळखी माणसाला, त्याचं वाक्य चुकू नये म्हणून.

प्रयोग संपला तिथेच सगळं थांबलं असतं तरी चाललं असतं. पण लेखक हात जोडून पुढे आला आणि म्हणाला, या प्रसंगाचं बीज मला ज्यांनी दिलं त्या आज इथे आहेत. त्याने माझं नाव घेतलं. दिवा माझ्यावर आला. मी उभी राहिले आणि चारी बाजूंना नमस्कार केला. झोताची कड तुझ्या गुडघ्यांवर पडली होती. तू टाळ्या वाजवत होतास.

बाहेर ओळखीच्या बायकांनी मला गराडा घातला. तेवढ्यात तू सहीच्या रांगेत जाऊन पुस्तक घेऊन आलास. पिशवीत टाकलंस आणि म्हणालास, "चल, चालत जाऊ." दादरहून आपण हिंदमातापर्यंत एक शब्द बोललो नाही. परळला पुलाखाली तू थांबलास, चपलेतला खडा काढलास आणि म्हणालास, "चुकलो गो. पॉज होता. मी समजलो, विसरला."

"होतं असं," मी म्हणाले.

तिथे बोलायला हवं होतं. तू मला जागा करून दिली होतीस, आणि मी काय केलं? मी ध्वनिक्षेपकावर बोलायला लागले. आवाज फार मोठा होता, नाही का रे? तू म्हणालास, माईक लागतो तो नटच कसला. मग त्यावर आपण लालबागच्या नाक्यापर्यंत वाद घातला, अगदी नेहमीसारखा, आणि मी टॅक्सीत बसताना स्वतःला सांगितलं की चला, निभावलं.

तुला कळलेलंच आहे, मग मी वेगळं काय सांगायचं, असा हिशेब मी धरला. घरी जाऊन मी ते प्रकरण तेवढं वाचलं. पुढचं मागचं वाचवेना. पंधरा दिवसांनी शालनचा फोन आला की तुला परळच्या इस्पितळात ठेवलंय, यकृताचं काहीतरी, बरंच पुढे गेलेलं. मी तीनदा येऊन गेले. पहिल्यांदा तू पिवळा पडला होतास पण वॉर्डातल्या सगळ्यांची नक्कल करून दाखवलीस. दुसऱ्यांदा शालन औषधं आणायला खाली गेली होती आणि आपण दोघंच होतो. तू माझ्याकडे बघत राहिलास आणि विचारलंस, "काय बोलायचंय काय गो?"

"नाही रे," मी म्हणाले. "मुगाचं कढण आणलंय, गरम आहे तोवर घे."

तू थोडा वेळ तसाच बघत होतास. मग "आण" म्हणालास.

आजारी माणसाला कशाला त्रास, हे कारण मला फार सोयीचं पडलं. तिसऱ्यांदा आले तेव्हा तुझे डोळे मिटलेले होते. मी वाचनालयाच्या गळणाऱ्या छताबद्दल बोलत बसले. कपाटं हलवली, प्लास्टिक घातलं, असलं काहीतरी. तू ऐकत होतास की नाही माहीत नाही. वेळ संपली म्हणून नर्सने उठवलं तेव्हा मला सुटल्यासारखं वाटलं, हे तुला आज सांगते. चौथ्यांदा यायची वेळच आली नाही.

तुझाही मला राग येतो, जयवंत. तू शिवी द्यायला हवी होतीस. रस्त्यात, परळच्या पुलाखाली, लोकांच्या देखत. वर्गणीदाराने पान दुमडलं तर तू अख्खं वाचनालय डोक्यावर घ्यायचास, आणि मी तुझ्या बापाला चव्हाट्यावर नेऊन उभं केलं तर माझ्यासाठी टाळ्या वाजवल्यास. मी वाट बघत होते की तू काहीतरी म्हणशील, मग मी रडेन, मग तू डब्यातली अर्धी पोळी देशील.

काल पंगत उठल्यावर शालनने मला आत बोलावलं आणि कपाटातून पुस्तक काढून दिलं. "हेनी सांगान ठेवल्यानी, ता माधुरीक दी. तिना वाचूक नाय, म्हणाले." मी वाचलेलं नाही म्हणजे काय, बिचारीला त्याचा अर्थ माहीत नव्हता. ती म्हणाली, "इस्पितळात घेवन बसायचे ओ. पेन्सिल हातात. मी म्हटलंय, आता खयचा नाटक बसवतास?"

घरी येऊन उघडलं. पहिल्या पानावर लेखकाची सही. रांगेत त्याने 'नाव काय लिहू' असं विचारलं असेल आणि तू सांगितलं असशील. 'आत्माराम यांस, सप्रेम.' काकांना जाऊन किती वर्षं झाली?

पुढे सगळ्या पानांवर तू आहेस. तिरक्या रेघा, फुल्या. साच्याचं वर्णन चुकलंय तिथे बारीक अक्षरात दुरुस्ती. एका ठिकाणी 'हे बरं लिहिलंय' असंही, कारण पुस्तकाच्या बाबतीत तू खोटं बोलणारा नव्हतास. बांगड्यांच्या पानावर 'फोडल्या' हा शब्द खोडून 'घातल्या' लिहिलंयस, आणि कडेला, 'सात होत्या. एक घट्ट होती, तेल लावून घातली.' बापाच्या वाक्याभोवती गोल आहे. वीस वर्षं न चुकलेला तुझा गोल. काढलास नंतर, पण पॉज ओळखायला तू त्या रविवारीही चुकला नसणार; पॉज आहे हे तुला ठाऊक होतं, आणि तरी तू वाक्य दिलंस. परळला मला सांगितलंस ते माझी सोय म्हणून.

मी रात्रभर वाट बघून मगच शेवटचं पान उघडलं असं म्हणणार नाही, लगेच उघडलं. तिथे तू काय लिहिलं असशील याची मला भीती वाटत होती. शिवी असती तर मी ती जपून ठेवली असती. काहीच लिहिलेलं नाही. आभाराच्या सगळ्या नावांमध्ये फक्त माझ्या नावाभोवती पेन्सिलीने काढलेला गोल आहे.

थांब. ही विसरलेली नाही. हिला वेळ लागतोय. हिचं हिला बोलू दे.

तू पाच आठवडे थांबलास. तुझ्याकडे तेवढेच होते, आणि ते तुला बहुतेक माहीत होतं. कढणाची वाटी हातात घेतानाही तू थांबलेलाच होतास, आणि पुढच्या वेळी मी छताबद्दल बोलत बसले.

मी विसरले नव्हते, जयवंत. आत्मारामकाकांची गोष्ट मी सांगितली. तुला न विचारता, एका कप चहावर, माझं कुणीतरी ऐकतंय म्हणून सांगितली. आणि त्या रविवारी दिवा माझ्यावर आला, तू शेजारी अंधारात बसला होतास, तेव्हा मला बरं वाटलं.